घर ओढणारा घोडा

"कसला तरी वास येतोय का रे?"

बायकोने हे विचारलं तेव्हा आम्ही आयझेनहॉवर बोगद्यातून बाहेर पडून तीन-चार मैल खाली आलो होतो. जुलै २०१९. कोलोरॅडोमधला आय-७० महामार्ग. बोगदा अकरा हजार फुटांवर आहे आणि तिथून पश्चिमेला सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत नुसता उतार, काही ठिकाणी सात टक्के. (सात टक्के म्हणजे शंभर फूट पुढे गेलात की सात फूट खाली.) भाड्याचा पिकअप, त्यामागे भाड्याचाच ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं छोटंसं घर. मागच्या सीटवर दोन्ही पोरं गाढ झोपलेली.

वास ब्रेकचा होता. चूक सर्वस्वी माझी. गिअरचा दांडा 'डी'वर ठेवून मी पायाने ब्रेक दाबत दाबत उतरत होतो. लहानपणी आंबेनळी घाटात एस.टी.चा ड्रायव्हर गिअर खाली टाकून, इंजिनाला कण्हायला लावत, गाडी कशी उतरवतो हे पुढच्या सीटवरून डोळे फाडून बघितलेला माणूस मी! पण ऑटोमॅटिक गाडीत पंधरा वर्षं काढली की असलं ज्ञान गंजतं. पेडल मऊ लागायला लागलं तेव्हा पोटात गोळा आला. नशिबाने शोल्डर रुंद होता. कशीबशी गाडी बाजूला घेतली. पुढच्या चाकांतून धूर.

दोन मिनिटांत आमच्या मागे एक लालभडक ट्रक येऊन थांबला. ट्रक म्हणजे हायवेवर कंटेनर ओढतो तो, लांब नाकाचा, पाठीमागे झोपायची खोली असलेला. आपल्याकडे ट्रकवाले ज्याला 'घोडा' म्हणतात तो. पण त्याच्यामागे कंटेनर नव्हता. चाळीस फूट लांबीचं, खिडक्यांना पडदे असलेलं घर होतं! आणि ट्रक आणि घराच्या मधल्या जागेत एक इवलीशी स्मार्ट कार आडवी बसवलेली. त्यातून सत्तरीचे एक आजोबा उतरले, धावत्या गाड्यांकडे पाठ न करता चालत आले आणि म्हणाले, "घाबरू नकोस. ब्रेकला हात लावू नकोस, पाणी ओतू नकोस. अर्धा तास नुसता बस."

अर्धा तास बसलो. नंतर त्यांच्या सांगण्याप्रमाणे खालचा गिअर टाकून मुंगीच्या पावलांनी उतरलो. त्या रात्री योगायोगाने एकाच कॅम्पग्राउंडवर होतो. त्यांच्या ट्रकच्या सावलीत कॉफी पिताना जो विषय सुरू झाला तो माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. हा लेख म्हणजे त्याचंच फळ.

तर मंडळी, पहिला प्रश्न साहजिक आहे. सहलीला जायला कोणी ऐंशी हजार पौंड ओढणारा ट्रक घेतो का? मलाही आधी वाटलं, अमेरिकन माणसाची हौस, दुसरं काय. पण इतिहास चाळायला लागलो आणि गंमत कळली. हा ट्रक जन्मालाच मुळी सहलीसाठी आला होता!

१९१४ साल. डेट्रॉइटमध्ये ऑगस्ट फ्रुहॉफ नावाचा एक लोहार घोडागाड्या आणि वॅगन बनवायचा. फ्रेडरिक सिबली नावाचा लाकडाचा व्यापारी त्याच्याकडे आला. सिबलीकडे फोर्डची मॉडेल टी होती आणि एक होडी होती. होडी मिशिगनच्या उत्तरेकडच्या तळ्यावर न्यायची होती. फ्रुहॉफने मोटारीचा मागचा भाग काढून तिथे जोडणी बसवली आणि होडीसाठी दोन चाकांची गाडी तयार केली. गाडीला पुढची चाकंच नाहीत, पुढचा भार मोटारीच्या पाठीवर. म्हणून नाव 'सेमी-ट्रेलर', म्हणजे अर्धा ट्रेलर. होडी तळ्यावर पोचली. सिबली खूश झाला आणि म्हणाला, आता असंच काहीतरी माझ्या लाकडांसाठी बनव. १९१८ मध्ये फ्रुहॉफ ट्रेलर कंपनी उभी राहिली आणि पुढची कित्येक दशकं ती अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या ट्रेलर कंपन्यांपैकी एक होती. १९९६ मध्ये तिने दिवाळं जाहीर केलं.

(न्यायाने सांगायचं तर क्लीव्हलंडच्या अलेक्झांडर विंटनने १८९९ च्या सुमारास नव्या मोटारी गिऱ्हाइकाकडे पोचवायला अशाच धर्तीची गाडी केली होती. पण धंदा वाढला तो फ्रुहॉफचा.)

ह्या जोडणीला इंग्रजीत 'फिफ्थ व्हील' म्हणतात, पाचवं चाक. नाव घोडागाडीतून आलंय. चार चाकांच्या बग्गीत पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवं लोखंडी कडं असायचं. चार चाकं उभी, हे पाचवं आडवं. ट्रकवर तेच कडं घोड्याच्या नालेसारख्या तबकडीच्या रूपात आलं. ट्रेलरच्या पुढच्या भागातून खाली आलेली दोन इंच जाडीची किंगपिन त्या तबकडीच्या खाचेत जाऊन बसते आणि खटका पडतो. संपलं.

पण खरी गोम कुठे आहे बघा. साध्या ट्रेलरची जोडणी गाडीच्या शेपटाला असते, मागच्या आसाच्या बऱ्याच मागे. म्हणजे ट्रेलर डुलायला लागला की तो गाडीचं शेपूट धरून तिला हलवतो. पाचव्या चाकात जोडणी आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे. ट्रेलरचा साधारण पाचवा हिस्सा भार थेट ओढणाऱ्याच्या मागच्या चाकांवर. आपल्या बैलगाडीवाल्यांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. ओझं मागे जास्त झालं तर गाडी 'उलाळ' होते, पुढे जास्त झालं तर 'धुरजड' होते आणि बैलांच्या मानेवर येते. भार नेमका कुठे टेकवायचा, ह्यातच सगळं शास्त्र.

हे शास्त्र हौशी लोकांपर्यंत आणलं एका वैमानिकाने! ग्लेन कर्टिस, अमेरिकन विमानविद्येतलं राइट बंधूंच्या बरोबरीने घेतलं जाणारं नाव. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्याने फ्लोरिडात 'एरोकार' नावाचे ट्रेलर बनवायला घेतले. विमानाच्या सांगाड्यासारखी हलकी बांधणी, आणि ओढणाऱ्या मोटारीच्या मागच्या भागात टायरसकट एक चाक चक्क आडवं ठेवलेलं. ट्रेलरची पिन त्या चाकाच्या मध्यात. हवा भरलेला टायर धक्के खायचा. हे मात्र अक्षरशः पाचवं चाक! कर्टिस १९३० मध्ये गेला, पण कल्पना राहिली.

पुढे पिकअप ट्रकच्या हौद्यात बसेल अशी जोडणी आली आणि १९७० च्या दशकात 'फिफ्थ व्हील' हा सहलीच्या ट्रेलरचा एक सरसकट प्रकार झाला. तोवर सगळं आटोक्यात होतं. १९९० मध्ये न्यूमार कंपनीने 'स्लाइड-आउट' बाजारात आणलं. म्हणजे बटण दाबलं की घराची भिंत फर्निचरसकट दोन-तीन फूट बाहेर सरकते. खोली ऐसपैस! पण त्यासाठी मोटर, रूळ, जाड फ्रेम. एक स्लाइड झाली, मग दोन, मग चार. मग वॉशिंग मशीन, दोन एसी, दगडासारखे ओटे. ट्रेलर वीस हजार पौंडांपर्यंत गेले. म्हणजे नऊ टन. आणि ओढणार कोण? तर आठ हजार पौंडांचा पिकअप.

आमचे आजोबा ह्याच वाटेने आलेले. निवृत्त झाल्यावर नवरा-बायकोने घर विकलं आणि असाच मोठा ट्रेलर घेतला. बारा महिने रस्त्यावर. "पिकअप ओढायचा रे, मस्त ओढायचा. चढाला कधी तक्रार नाही," ते म्हणाले. मग एका डोंगर-उतारावर पावसात ट्रेलरने पिकअपला मागून ढकलायला सुरुवात केली. पाय ब्रेकवर, आणि गाडी ऐकेना. खाली पोचले, काही झालं नाही. पण आजीबाई गाडीतून उतरल्या आणि म्हणाल्या, एक तर हे घर विका, नाहीतर ह्याला थांबवू शकेल असं काहीतरी घ्या. तोवर मी परत त्यात बसणार नाही.

मी लगेच बायकोकडे बघितलं. ती आजींकडे बघून मान डोलावत होती.

आता आकडेमोड केल्याशिवाय आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना झोप लागत नाही. माझा पिकअप आणि ट्रेलर मिळून सहा टन धरा. बोगद्यापासून सिल्व्हरथॉर्नपर्यंत उंचीतला फरक सुमारे ७०० मीटर. वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची, आठवीचं गणित. उत्तर येतं सुमारे ४१ दशलक्ष ज्यूल. एवढ्या उष्णतेत साधारण १२० लिटर थंड पाणी उकळेल! हवा आणि टायर त्यातला काही वाटा खातात. बाकी सगळं मी ब्रेकच्या चार-आठ लोखंडी तबकड्यांमध्ये कोंबत होतो. वास येणार नाही तर काय होणार?

मग ही उष्णता घालवायची कुठे? ह्याचं उत्तर ज्याने शोधलं त्याचं नाव पुण्यात, त्यातही कोथरूडला वाढलेल्या कुणालाही पाठ असतं. कमिन्स! किर्लोस्कर कमिन्स पुण्यात सुरू झाली १९६२ मध्ये. मूळ माणूस क्लेसी कमिन्स, इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावचा. १९३१ मध्ये आपल्या डिझेल इंजिनाची जाहिरात म्हणून तो दोन साथीदारांबरोबर न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला ट्रक घेऊन निघाला. शेवटच्या टप्प्यात कॅलिफोर्नियातली कहोन खिंड. उतारावर ब्रेक गेले. खाली रस्ता ओलांडून मालगाडी चाललेली. तिचा शेवटचा डबा पुढे सरकला आणि ट्रक थोडक्यात मागून निसटला.

पेट्रोल इंजिन पाय काढला की आपोआप गाडीला थोडं धरतं, कारण हवेची वाट बंद होते आणि इंजिनाला पोकळीविरुद्ध काम करावं लागतं. डिझेलला ती झडपच नसते. ते हवा दाबतं खरं, पण दाबलेली हवा स्प्रिंगसारखी उसळून सगळी शक्ती परत देते. हिशोब शून्य. क्लेसी कमिन्सला ती खिंड विसरता आली नाही. १९५० च्या दशकात, उतारवयात, त्याने उत्तर काढलं. हवा पूर्ण दाबली गेली की ऐन वेळी एग्झॉस्टची झडप उघडायची. स्प्रिंग उसळायच्या आतच सोडून द्यायची! इंजिन क्षणात शक्ती देणाऱ्याऐवजी शक्ती खाणारं यंत्र होतं आणि उष्णता धुराड्यातून हवेत जाते. हे बनवायला जी कंपनी पुढे आली ती ड्रिल मशीनचे चक बनवणारी होती, जेकब्ज. १९६१ मध्ये पहिला ब्रेक विकला गेला. ट्रकवाले त्याला 'जेक' म्हणतात. उतारावर ट्रकमधून येणारा तो फाट-फाट-फाट आवाज ऐकलाय ना? तोच.

आजोबांचा ट्रक आणि घर मिळून सतरा टन. सात टक्के उतारावर ताशी ३५ मैलांनी उतरायचं तर सुमारे अडीचशे अश्वशक्ती सतत खाल्ली गेली पाहिजे. मोठ्या ट्रकचं पंधरा लिटरचं इंजिन जेकवर त्याहून बरंच जास्त खाऊ शकतं. म्हणजे आजोबा त्याच उतारावरून ब्रेकला जवळजवळ पाय न लावता आले. मागे घर, पुढे आजी आणि हातात थर्मास!

आता प्रश्न, असा ट्रक सामान्य माणसाला परवडतो कसा? इथे दोन कायद्यांनी मदत केली. १९८० च्या मोटर कॅरियर कायद्याने मालवाहतुकीवरचे परवान्यांचे निर्बंध सैल केले. नव्या कंपन्यांचं पेव फुटलं. दुसरा १९८२ चा. त्याआधी कित्येक राज्यांत ट्रक आणि ट्रेलर मिळून एकूण लांबीवर बंधन होतं. त्यामुळे ट्रकचं नाकच कापून टाकत, ड्रायव्हर इंजिनाच्या डोक्यावर बसायचा. १९८२ च्या कायद्याने मोठ्या महामार्गांवर राज्यांना एकूण लांबी ठरवता येईना, फक्त ट्रेलरची. लगेच ट्रकला नाक फुटलं आणि पाठीमागे पलंग-कपाटांची खोली वाढली. मोठ्या कंपन्या असे ट्रक चार-पाच वर्षं पळवतात आणि विकून टाकतात. पाच लाख मैल झालेले असतात, पण ही इंजिनं दहा लाख मैल चालावीत म्हणूनच बनवलेली. त्यामुळे २००० च्या दशकात असा वापरलेला घोडा नव्या पिकअपपेक्षा स्वस्तात मिळायचा. हौशी निवृत्तांनी हे बरोबर हेरलं. १९९६ मध्ये आलेली व्होल्वोची व्हीएन मालिका त्यांची विशेष लाडकी झाली.

पण आणला आणि जोडला, असं नसतं. मालाच्या ट्रकला मागे दोन आस, एकूण दहा टायर. बरेच जण त्यातला एक आस काढून टाकतात. सहा टायर उरतात, वळायला सोपं, टोलही कमी. मोकळ्या झालेल्या जागेत कपाटांचा हौदा, किंवा ती स्मार्ट कार. (अमेरिकेत २००८ ते २०१९ विकली गेलेली स्मार्ट २.६९ मीटर लांब, आणि रस्त्यावरची रुंदीची मर्यादा १०२ इंच, म्हणजे २.५९ मीटर. आडवी ठेवली की चार इंच बाहेर डोकावते. नियम काटेकोर पाळणारे फ्रेम लांबवून ती उभी ठेवतात. आजोबांना मी विचारलं, तर त्यांना अचानक कमी ऐकू यायला लागलं.)

जोडणीही बदलावी लागते. किंगपिन तीच दोन इंची, पण ट्रकची तबकडी उंच आणि कडक. त्याच्या मागच्या स्प्रिंगा बारा-पंधरा टन भारासाठी. त्यावर चार-पाच हजार पौंडांची घराची पिन टेकवली तर प्रत्येक खड्ड्याचा हादरा सरळ घराच्या फ्रेमला जातो आणि वेल्डिंग उकलतं. म्हणून हवेच्या फुग्यांवर तरंगणारी वेगळी जोडणी. ब्रेकचं तर विचारू नका. ट्रकचे ब्रेक हवेवर, घराचे विजेवर. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. मग हवेच्या नळीतला दाब मोजणारा सेन्सर बसवायचा आणि त्या प्रमाणात घराच्या ब्रेकना करंट द्यायचा. आम्ही ऑफिसात आयुष्यभर हेच करतो. एका सिस्टिमचं म्हणणं दुसरीला समजावून सांगायचं. फरक एवढाच की आमचं चुकलं तर रात्री फोन येतो, ह्यांचं चुकलं तर दरी.

आणि कागदपत्रं! हा ट्रक आता मालवाहू नाही हे सरकारला पटवायचं कसं? अनेक राज्यांत तो 'मोटरहोम' म्हणून नोंदवता येतो. मोटरहोमच्या संघराज्य व्याख्येत सहा सोयींपैकी चार लागतात. शेगडी, फ्रीज, संडास, एसी किंवा हीटर, नळासकट पाणी, आणि वीज किंवा गॅस. थोडक्यात, गाडीत चहा करता येतो की नाही ह्यावर ती ट्रक की घर हे ठरतं. पटण्यासारखं आहे. धंद्यासाठी नसल्याने व्यावसायिक लायसन्स सहसा लागत नाही, पण टेक्सास आणि कॅलिफोर्नियात अशा मोठ्या जोडगाडीसाठी अव्यावसायिक 'क्लास ए' परीक्षा द्यावी लागते. आजोबांनी ती पासष्टाव्या वर्षी दिली.

आता दुसरी बाजू. सगळ्यांनी घोडा घ्यावा असं मी मुळीच म्हणत नाही. जुन्या ट्रकला दहा गिअर, तेही विना-सिंक्रो, दर गिअरला दोनदा क्लच. एक टायर बदलायचा तर खिसा हलका. गावातल्या पार्किंगमध्ये शिरता येत नाही, झाडाखालून जाता येत नाही. शिवाय पिकअपही सुधारले. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून डिझेल पिकअपला कारखान्यातूनच एग्झॉस्ट ब्रेक मिळायला लागला आणि आता मोठ्या पिकअपच्या जाहिराती ३५,००० पौंड आणि वर ओढण्याच्या बाता मारतात. त्यामुळे घोडा घेणाऱ्यांचं गणित पूर्वीइतकं सरळ राहिलेलं नाही.

पण जाहिरातीतला शब्द पाहा. 'ओढतो'. गेली शंभर वर्षं आकडा छापला जातो तो ओढण्याचा. थांबवण्याचा आकडा मोठ्या अक्षरात कुणी छापत नाही. सिबलीची होडी हलकी होती, मॉडेल टीला वेग नव्हता, मिशिगनात घाट नव्हते. तेव्हा हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. सहलीसाठी बनलेलं यंत्र लाकडं वाहायला गेलं, धंद्यात पडलं, डोंगर उतरताना माणसं गमावली, आणि त्यातून थांबायला शिकलं. आजोबांसारखी माणसं त्याला परत तळ्याकाठी आणतात तेव्हा ती त्याची ताकद विकत घेत नाहीत. ही शिकवण विकत घेतात.

सकाळी निघताना आजोबांनी माझ्या पिकअपच्या खिडकीशी येऊन गिअरच्या दांड्यावर बोट ठेवलं. "चढताना जो गिअर लागतो तोच उतरताना ठेव. आणि ब्रेक दाबायचा तर जोरात, थोडाच वेळ, मग सोडून द्यायचा. सतत पाय ठेवायचा नाही." आंबेनळीच्या त्या ड्रायव्हरनेही वेगळं काय केलं होतं?

त्यानंतर आम्ही दोनदा ट्रेलर घेऊन गेलो. दोन्ही वेळा छोटा घेतला. उतार लागला की बायको अजून नाक वर करून वास घेते. आणि मी न सांगता गिअर खाली टाकतो.

असो. भेटू पुढच्या शनिवारी.